अथेनाच्या हातात आधी काहीच नसतं

वाचकांचे प्रश्न : जुने व्हिडिओ गेम

मागच्या अंकात एसएनके या जपानी कंपनीच्या ‘अथेना’ गेमबद्दल मी अगदी थोडं लिहिलं होतं. १९८६ सालचा, नाणं टाकून खेळायचा गेम. राजवाड्यात कंटाळलेली राजकन्या अथेना तळघरातलं ‘उघडू नये’ असं दार उघडते आणि भलत्याच दुनियेत जाऊन पडते. तिथला बादशहा दांते. त्याला हरवायचं एवढंच काम. गेम इतका अवघड, की बहुतेकांनी पहिल्या जंगलापुढचं काही पाहिलेलंच नाही. त्या मजकुरावर पत्रं बरीच आली, म्हणून हा सगळा अंक अथेनालाच देते आहे.

मी बारावीत असताना ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ हा मारामारीचा गेम खेळायला रोज गेम पार्लरला जायचो. त्यात तीन लढवय्ये निवडायचे असतात. माझ्या तिघांत अथेना ठरलेली असायची. तिच्या आधी आणखी एक अथेना होऊन गेली हे तुमच्याकडून कळलं. दिवाळीत एसएनकेच्या जुन्या गेमचा संग्रह घेतला. तीन आठवडे झाले, पहिलं जंगलच पार होत नाही. तेव्हाचे हात गेले, की गेमच असा आहे? — एक वाचक, बार्शी

हात गेलेले नाहीत. गेमच तसा आहे. तो तसा का आहे, हे मला गल्ल्याच्या बाजूने माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मिरजेत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या वडिलांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. पाच मशिनं, एक लाकडी बाकडं आणि गल्ल्यामागे मी. १९९८ साली मी नववीत होते. शाळा सुटली की दुकानात यायचं, नाणी मोजायची, दहा-दहाच्या चवडी लावायच्या. एक रुपयाला एक गेम. बाबांची एक वही होती, तिच्यात प्रत्येक मशिनचा रोजचा गल्ला लिहिलेला असायचा. नवखा मुलगा तीन मिनिटांत हरला तर ते मशिन तासाला वीस रुपये देतं. एखाद्याने एका कॉइनमध्ये चाळीस मिनिटं काढली तर त्याच मशिनचे तासाला दीड रुपये होतात, आणि त्याच्या मागे ताटकळलेली पोरं कंटाळून निघून जातात ते वेगळंच.

महिन्यातून एकदा बाबा मशिनचं मागचं दार किल्लीने उघडायचे. आत बोर्डावर बारीक पांढऱ्या खटक्यांची ओळ असते. पेनच्या टोकाने ते खटके वर-खाली करायचे. त्यांनी चान्स किती द्यायचे ते ठरतं, गेम सोपा की अवघड ते ठरतं, एका नाण्याला किती गेम तेही ठरतं. मी टॉर्च धरून उभी राहायचे. बाबा म्हणायचे, ‘‘पोरगं हरलं पाहिजे, पण चिडून जाता कामा नये. थोडक्यात गेलं असं त्याला वाटलं, की ते दुसरं नाणं काढतंय.’’

ओसाकात बसून गेम बनवणारेही हाच हिशेब मांडत होते. अथेना गेम त्या हिशेबातून आलेला आहे. तो वाईट बनलाय म्हणून अवघड आहे असं नाही. तो तुमच्याकडून दुसरं नाणं मागतो, आणि आज घरी बसून खेळताना नाण्याच्या जागी तुमची संध्याकाळ जाते. एवढं ध्यानात घेतलं की राग निम्मा उतरतो. माझा उतरला.

आता जंगलाकडे येऊ. तुम्ही ९७ खेळलेले आहात, आणि मला वाटतं नेमकं तेच आड येतंय. तिथली अथेना असामिया पहिल्या सेकंदापासून पूर्ण ताकदीची असते. ‘सायको बॉल’ म्हणत गोळा फेकते, हवेतून झेपावते. ती या राजकन्येची वंशज. तिचा पहिला गेम ‘सायको सोल्जर’, १९८७ सालचा. खेळता खेळता गायिकेच्या आवाजातलं गाणं ऐकू येणारे जे अगदी सुरुवातीचे गेम आहेत त्यांतला तो एक. तिथून ती ‘किंग ऑफ फायटर्स’मध्ये आली आणि आपल्याकडच्या पार्लरमध्ये पोचली. मूळ राजकन्येकडे यातलं काही नाही. दारातून पडताना तिचा झगासुद्धा वरच राहतो. हातात हत्यार नाही, अंगावर चिलखत नाही, फक्त लाथ मारता येते. तुम्ही तिला असामियासारखी पुढे धावडवत असाल तर जंगल पार होणार नाही.

ग्रीक पुराणातली अथेना झ्यूसच्या डोक्यातून जन्मली ती चिलखत घालून, हत्यार घेऊनच, अशी कथा आहे. हा गेम बनवणाऱ्यांनी ती कथा उलटी केली. त्यांची अथेना उघडी, रिकाम्या हातांनी येते आणि देवीकडे जे जन्मापासून होतं ते तिला एकेक करून मारामारीतून मिळवावं लागतं. तलवार एका राक्षसाकडून, ढाल एका दगडाखालून, शिरस्त्राण दुसऱ्या दगडातून. मला हा गेम आवडतो तो याच एका गोष्टीसाठी. जंगल म्हणजे तिची पहिली शाळा आहे. तिथे पुढे जाण्यापेक्षा जमवणं महत्त्वाचं.

म्हणून पहिला चान्स वाया जाणार असं धरूनच खेळा. दुनियेचा, म्हणजे त्या टप्प्याचा, शेवट गाठायचाच नाही. जनावराच्या तोंडाचे जे शिपाई अंगावर येतात त्यांना दोन पावलं मागे राहून लाथेने मारा. ते मेले की त्यांच्या हातातलं हत्यार खाली पडतं. पहिलं हत्यार मिळेपर्यंत एका वेळी एकच शत्रू अंगावर घ्यायचा. दोघे दिसले तर एक पाऊल मागे. हत्यार हाती आलं की दगडी ठोकळे फोडायला लागा. चिलखत, ढाल, टोप सगळं त्या ठोकळ्यांत लपवलेलं आहे. कोणत्या ठोकळ्यात काय निघालं ते कागदावर लिहून ठेवा. मी पाठकोऱ्या कागदांवर जंगलाची लांबट पट्टी काढली होती, चिकटपट्टीने जोडत जोडत ती जेवणाच्या टेबलाएवढी झाली.

एक गोष्ट मात्र मी फार उशिरा शिकले. समोर पडलेलं प्रत्येक हत्यार उचलायचं नसतं. नवीन उचललं की हातातलं जातं. चांगली तलवार हातात असताना घाईत उडी मारून मी साध्या सोट्यावर उतरले, आणि जमवलेलं बळ एका क्षणात गेलं. असं सात-आठ वेळा झालं. त्यानंतर मी उडी मारण्याआधी शत्रूकडे पाहण्याऐवजी जमिनीकडे पाहायला लागले. तिथून पुढे माझा गेम सुधारला. आणि वर घड्याळ चालू असतं, त्यामुळे सगळेच ठोकळे फोडत बसता येत नाही. कोणते सोडायचे हे ठरवण्यातच खरी बुद्धी लागते.

तीन आठवडे फार नाहीत. मला जंगलाला साडेपाच लागले, रोज रात्री मुलगा झोपल्यावर तासभर.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला लढणारी नायिका असलेला गेम हवाय. तुमचा लेख वाचून मी अथेनाचं चित्र शोधलं आणि थबकले. तुम्ही तिला योद्धा म्हणता, पण तिला लढायला पाठवलंय ते पोहण्याच्या कपड्यांत. हे मुलीला कसं समजावू? — एक आई, ठाणे

तुम्ही थबकलात ते बरोबरच आहे. मी त्या कपड्यांची बाजू घेणार नाही. १९८६ साली नाण्यांच्या मशिनसमोर बहुतेक मुलगेच उभे असत आणि ते चित्र त्यांच्यासाठी काढलं गेलं. आमच्या दुकानात आठवड्याला शेकड्याने पोरं यायची. मुली मला आठवतात त्या दोन, आणि त्यातली एक मी. मशिनच्या बाजूवर कोणती चित्रं असायची तेही आठवतं. बाबांनी एका मशिनवरचं चित्र मी दुकानात बसायला लागल्यावर खाकी कागद लावून झाकलं होतं. त्यांनी त्यावर काही बोलून दाखवलं नाही, मीही विचारलं नाही.

पण तुम्ही विचारलंय म्हणून त्या काळाकडे नीट पाहू या. तेव्हा जपानमध्ये नायिका दाखवायच्या दोन तऱ्हा होत्या. एक म्हणजे तिला लपवायचं. नामको या जपानी कंपनीच्या १९८५ सालच्या ‘बाराड्युक’मध्ये अंतराळवीराच्या पोशाखातली व्यक्ती बाई आहे हे शेवटी कळतं. निन्टेंडोचा ‘मेट्रॉइड’ ऑगस्ट १९८६ चा. त्यातली सॅमस अरान अख्खा गेम धातूच्या चिलखतात असते, आणि खेळणाऱ्याने गेम झटपट संपवला तरच शेवटी तिचा चेहरा दिसतो. त्या गेमच्या अमेरिकेतल्या माहितीपुस्तिकेत तर तिचा उल्लेख पुरुष असल्यासारखाच केलेला आहे. दुसरी तऱ्हा अथेनाची, म्हणजे बाई आहे हे पहिल्याच क्षणी आणि नको तितकं दाखवायचं. दोन्हींत एकच अडचण दिसते मला. लढणारी बाई साधेपणाने पडद्यावर कशी उभी करायची, हे अजून ठरलेलं नव्हतं.

तरी त्याच ऑगस्टमध्ये नामकोने ‘व्हॅल्किरीचं साहस’ हा घरी खेळायचा गेम आणला. पंखांचा टोप, तलवार, ढाल, आणि ती व्हॅल्किरी, म्हणजे नॉर्स पुराणातली लढवय्यी कुमारी, आहे हे सुरुवातीपासून उघड. लपवाछपवी नाही, मिरवणंही नाही. तो गेम सुरू करताना आधी तिची रास आणि रक्तगट निवडावा लागतो आणि तिची वाढ त्यावर अवलंबून असते. जपानमध्ये रक्तगटावरून स्वभाव सांगायची पद्धत आहे, आपल्याकडे राशीवरून सांगतात तशी. तुमच्या मुलीला ही गोष्ट सांगा, तिला गंमत वाटेल.

अथेना तिला आत्ता देऊ नका. कपड्यांपेक्षाही, अकराव्या वर्षी इतकं हरणं सोसत नाही. तिच्यासाठी ‘वंडर बॉय : आशा इन मॉन्स्टर वर्ल्ड’ घ्या. मूळ गेम सेगा कंपनीच्या घरगुती मशिनसाठी १९९४ साली आला आणि २०२१ मध्ये मूळ दिग्दर्शक र्‍युइची निशिझावा यांच्याच देखरेखीखाली नव्याने बनला. हिरव्या केसांची आशा तलवार-ढाल घेऊन घराबाहेर पडते. सोबत पेपेलोगू नावाचा निळा, गोल, मोठ्या कानांचा प्राणी असतो. त्याला धरून ती उंचावरून तरंगत खाली येते, त्याला फेकून लांबच्या वस्तूही मिळवते. अवघड जागा आहेत, पण गेम मुलाचा हात सोडत नाही. अथेना तिला सोळाव्या वर्षी दाखवा, आणि कपड्यांबद्दल तेव्हा तिला काय वाटतं ते तिलाच विचारा.

त्या संग्रहात रिवाइंडचं बटण आहे. मेलो की मागे जाता येतं. माझा दादा म्हणतो ती लबाडी आहे. तुम्ही वापरता का? — इयत्ता नववी, नागपूर

वापरते. शिकायला वापर, जिंकायला वापरू नकोस. एखादी उडी चुकली की दहा सेकंद मागे जा, तीच उडी पाच वेळा मार, ती बोटांत बसली की रिवाइंड बंद करून दुनियेच्या सुरुवातीपासून परत ये. तबलजी एकच तुकडा पुन:पुन्हा वाजवून हातात बसवतो, तसंच आहे हे. त्या संग्रहात दुसऱ्याने संपवलेला गेम पाहत बसायची सोयही आहे, पाहता पाहता मध्येच आपण कंट्रोलर हातात घेऊ शकतो. आमच्या दुकानात चांगला खेळणाऱ्याच्या खांद्यावरून पोरं जे बघायची, ते हेच.

दादाला सांग, शेवटचा खेळ रिवाइंडशिवाय खेळलास तर त्यात लबाडी नाही.

अथेनाचं मशिनवरचं रूप आणि घरगुती टीव्ही गेमचं रूप, दोन्ही संग्रहात आहेत. कोणतं खेळू? — एक वाचक, कुडाळ

मशिनचं. घरगुती रूप १९८७ चं, त्यात चित्र अडखळतं, हालचाल जड आहे, आणि जिथे मशिनवर तुमची चूक असते तिथे इथे पुष्कळदा गेमचीच असते. अवघडपणा सोसायचा तर तो आपल्या चुकीचा असावा. घरगुती रूपाबद्दल मला आवडणारी एकच गोष्ट आहे. जपानमध्ये त्याच्यासोबत ‘सायको सोल्जर’च्या गाण्याची ऑडिओ कॅसेट मिळायची.

समुद्राची दुनिया! अथेनाची मत्स्यकन्या होते तो क्षण माझ्या आयुष्यातला... (पत्र फार मोठं असल्याने गाळलं आहे.) असा दुसरा गेम सांगा, ज्यात सुरुवातीला काहीच नसतं आणि हळूहळू सगळं मिळतं. — एक वाचक, बंगळुरू

तुमचं पत्र मी पूर्ण वाचलं, दोनदा. पायांच्या जागी शेपूट येते आणि इतका वेळ जड पडणारी अथेना एकदम पाण्यात मोकळी होते, तिथे मीही कंट्रोलर खाली ठेवला होता.

तुम्हाला ‘मेट्रॉइड’ सांगते. तो अंतराळातला आहे, तलवारींचा नाही, पण आतून त्याच घराण्यातला. झेबेस ग्रहावर सॅमस उतरते तेव्हा तिच्याकडे आखूड पल्ल्याची बंदूक आणि ३० एवढीच पॉवर. बहुतेक लोक सवयीने उजवीकडे चालायला लागतात आणि एका बुटक्या बोगद्यापाशी अडतात. पहिली वस्तू डावीकडे ठेवलेली आहे. चेंडूसारखं गोल होऊन घरंगळता येईल अशी शक्ती त्यात मिळते. तुमच्या सवयीच्या उलट दिशेला पहिलं बक्षीस ठेवून हा गेम सुरुवातीलाच आपला स्वभाव सांगून टाकतो. पुढे लांब पल्ल्याचा मारा, बाँब, उंच उडी, शत्रूला गोठवणारा बर्फाचा किरण असं एकेक मिळत जातं, आणि दरवेळी आधी बंद असलेली एखादी वाट उघडते.

गेममध्ये नकाशा नाही. जागेची टंचाई असल्यामुळे त्याच त्या खोल्या पुन:पुन्हा वापरलेल्या आहेत, त्यामुळे आपण इथे आधी येऊन गेलो की नाही हेच कळत नाही. चौकटीची वही घ्या, एक खोली म्हणजे एक चौकट. लालसर खोल्यांची शाई वेगळी ठेवा. मी पाचवीच्या गणिताची वही वापरली. शेवटच्या भागातले मेट्रॉइड म्हणजे डोक्याला चिकटून पॉवर शोषणारे तरंगते जीव. त्यांना आधी गोठवायचं आणि मग पाच क्षेपणास्त्रं मारायची. यातला क्रम चुकला की काही खरं नाही.

कार्ट्रिजच्या रूपात तिथवरची मजल जपायला चोवीस अक्षरांचा पासवर्ड असतो. एक अक्षर चुकीचं लिहिलं की आठवड्याची मेहनत गेली. आणि पासवर्ड बरोबर दिला तरी सॅमस परत ३० पॉवरवरच उठते, मग पाऊण तास शत्रू मारून पॉवरच्या टाक्या भरायच्या. हे मला आजही पटत नाही. अथेनाचा अवघडपणा गल्ल्यातून येतो; हा गेम तर लोकांनी विकत घेऊन घरी नेलेला होता, इथे कुणाच्या खिशातलं नाणं बाहेर काढायचं होतं? आमच्या दुकानात खेळता खेळता लाइट गेली तर बाबा नाणं परत द्यायचे. पोराने अर्धा गेम खेळलेला असला तरी पूर्ण रुपया. त्यांच्या मते चूक खेळणाऱ्याची नसेल तर भरपाई झालीच पाहिजे. मेट्रॉइडकडून तेवढी अपेक्षा मी ठेवते.

तरी खेळा. वही संपेल तेव्हा मला लिहा.

मी त्या दुकानात यायचो. तुम्ही नाव लिहिलं नव्हतंत, पण मिरज, पाच मशिनं आणि गल्ल्यामागची मुलगी म्हटल्यावर कळलं. दहावीची परीक्षा चालू असताना तुमच्या वडिलांनी मला दारातूनच परत पाठवलं होतं आणि सांगितलं होतं, ‘‘पेपर संपल्यावर ये, पहिला गेम माझ्याकडून.’’ मी गेलो होतो आणि त्यांनी खरंच खटका दाबून गेम लावून दिला होता. काका कसे आहेत? त्यांना अथेना दाखवलीत का? — एक वाचक, सध्या मस्कत

मार्चमध्ये गणवेशातल्या मुलाला आत घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम होता. त्या महिन्यात गल्ला निम्म्यावर यायचा आणि वहीत तसं दिसायचं. तुमचं पत्र मी त्यांना फोनवर वाचून दाखवलं. तुमचं नाव सांगितल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘डाव्या हातानं बटणं मारायचा तो का?’’ तुम्हीच असणार.

बाबा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. दुकान कधीच बंद झालं, मशिनं गेली, वह्या आहेत. जानेवारीत मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते कोल्हापूरला माझ्याकडे दहा दिवस राहिले होते. डोळ्याची पट्टी निघाल्यावर एका रात्री मी खेळत असताना ते बाहेरच्या खोलीत येऊन बसले. मी तेव्हा भूलभुलैयाच्या दुनियेत होते. तिथे वाटा एकमेकींत गुंतलेल्या आहेत, आणि मी महिनाभर तिथेच अडकले होते. ते काही बोलले नाहीत. पडद्याकडे कमी आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे जास्त बघत होते.

त्या रात्री माझ्या हातात चांगली तलवार होती, ढाल होती, पूर्ण चिलखत होतं. वळणावर एक फटका बसला आणि ढाल गेली, मग टोप, मग चिलखत. जंगलात पडली होती तशीच ती पुन्हा उभी राहिली, फक्त हातात तलवार. आणि मग तीही गेली.

‘‘थोडक्यात गेलं,’’ बाबा म्हणाले. मग म्हणाले, ‘‘अकरा मिनिटं. चान्स किती ठेवल्यात?’’

‘‘तीन.’’

‘‘ह्याचं मागचं दार कुठं असतंय?’’

मी सांगितलं की आता मागचं दार नाही, किल्ली नाही, सगळं त्या एका काळ्या डब्यात. त्यांनी डबा हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला, मागच्या झरोक्यात डोळा लावला आणि परत जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मुलाला झोपवून मी बाहेर आले तर ते आधीच खुर्चीत बसलेले होते. जोडलेल्या कागदांची ती पट्टी मांडीवर पसरलेली, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि हातात पेन. भूलभुलैयाच्या एका वळणावर त्यांनी फुली मारून ठेवली होती.